पंखवाला निघाला तर

सरांनी एक कप चहा पूर्ण प्यायलेला मी कधी पाहिला नाही. शिक्षकखोलीत चहा आला की ते दोन घोट घ्यायचे, कप खिडकीत ठेवायचे आणि "बघू तरी" म्हणत बाहेर पडायचे. काय बघू, ते कुणालाच ठाऊक नसायचं. बहुतेक त्यांनाही नसावं. मधल्या सुट्टीनंतर आमचा शिपाई खिडकीतले अर्धे कप गोळा करायचा आणि म्हणायचा, "सरांचं निम्मं आयुष्य ह्या खिडकीत हाय."

ते परीक्षेला पर्यवेक्षक असले की पोरं कॉपी करायची नाहीत. भीतीने नव्हे. सर एका जागी थांबतच नसत, त्यामुळे ते पुढे कुठे असतील याचा अंदाजच बांधता येत नसे. रस्त्यावर त्यांची मोटरसायकल दिसली की आम्ही विचारायचो, "कुठे निघालात सर?" ते म्हणायचे, "लोणीला." वाटेत मन बदललं की संगमनेरला जायचे, तिथे कुणाला भेटायचं नाही, काही घ्यायचं नाही, बसस्थानकासमोर उभं राहून शेंगदाणे खायचे आणि परत यायचे. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, कुणी कारण विचारलं की त्या म्हणायच्या, "बोहल्यावर उभा ऱ्हायला पायजे ना त्यो!"

शाळेत आम्ही दोघं एकाच सकाळी रुजू झालो. त्याआधी त्यांनी पंपाच्या कंपनीत, औषधांच्या फिरतीवर आणि एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या होत्या. तिशी उलटल्यावर कोल्हारला आले, कारण घर इथेच होतं. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, तेव्हापासूनचं. सर विज्ञान शिकवायचे, मी गणित. कागदावर मात्र आमचा गट एकच, गणित-विज्ञान. ह्या एकाच गटाने पुढे घात केला.

आता त्यांच्या डब्यांबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

एक परदेशी खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी तलवारवाला, कुणी जादूगार, कुणी चोर. दार फुटलं की नाही, राक्षस मेला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. टेबलावर कोण कुठे उभं आहे हे दिसावं म्हणून बोटभर उंचीच्या, रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या मांडतात. 'बाहुल्या' म्हटलं की सर चिडायचे. "मिनी म्हणा बाई, मिनी." आक्का म्हणायच्या 'राक्षस', आणि गावात तोच शब्द चालला. ह्या मिनी बंद डब्यात मिळतात. प्रत्येक डब्यात तीन लहान आणि एक मोठा. कोणते ते बाहेरून कळत नाही. उघडाल तेव्हा कळेल.

सरांना याचं वेड होतं. कुरियरवाला त्यांच्या गल्लीत शिरायला कंटाळायचा, म्हणून खोकी हमरस्त्यावरच्या मेडिकलमध्ये ठेवून जायचा. मेडिकलच्या मालकांना वाटलं, सरांना काहीतरी आजार आहे आणि औषधं परस्पर मागवताहेत. काळजीपोटी एकदा त्यांनी विचारलं. सरांनी तिथेच काउंटरवर डबा फोडून दाखवला. आतून बैलाच्या तोंडाचा, हातात कुऱ्हाड घेतलेला एक दांडगा निघाला. मेडिकलवाले बघतच राहिले. "आयला, लई भारी! आजून काय काय आसतं ह्याच्यात?" झालं, पुढच्या रविवारी ते खेळायला हजर.

आक्कांना जबरदस्तीने तिसरं केलं. चौथं कोणीतरी हवं होतं. सर शिक्षकखोलीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले, म्हणजे त्यांच्या मानाने उभे राहिले, आणि म्हणाले, "बाई, रविवारी चर्चहून आलो की या आमच्याकडे. राक्षस मारायचेत."

मी गेले. का गेले तेही सांगते.

मी कोल्हारची. सासरही कोल्हारचंच. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक पिठाची गिरणी. लग्नात माझी वरात मुद्दाम लांबून फिरवून नेली, नाहीतर बँडवाल्यांचं एक गाणंसुद्धा पुरं झालं नसतं. ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत शिकवते. रोज नगर-मनमाड रस्ता ओलांडून शाळेत जाते. त्या रस्त्यावरून सगळं जग कुठे कुठे जातं, मी फक्त ओलांडते. घरी मला काही कमी नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही लगेच सासूबाईंवर संशय घ्याल. सासूबाई कडक, पण मनाने सरळ. ह्यांचं खताचं दुकान, स्वभाव गार. मुलगी पुण्याला शिकायला गेली. तिला होस्टेलवर सोडलं, तिने एका लोखंडी कॉटवर आपली गादी टाकली, कुलपाची किल्ली गळ्यात अडकवली आणि आम्हाला म्हणाली, "जा आता तुम्ही." परतीच्या गाडीत सगळ्यांना वाटलं, मी विरहाने रडतेय. मी हेव्याने रडत होते. पोटच्या पोरीचा हेवा, पण खोटं कशाला सांगू?

तर मला राक्षस मारायला बोलावलं, मी गेले. हे म्हणाले, "जा की. दुपारचं आमचं आम्ही वाढून घेतो."

सर गोष्ट सांगायचे आणि गोष्ट सांगताना टेबलाभोवती चकरा मारायचे. त्यांचे किल्ले आणि भुयारं प्रवरेच्या काठी असत. नदीच्या वाळूखाली एक बुडालेलं नगर आहे, तिथल्या राजाला झोप लागत नाही, म्हणून तो दर पुराला एक दार उघडतो, असलं काहीतरी. ते सांगत असताना आपण कोल्हारात बसलोय याचा मला विसर पडायचा. गोष्ट मात्र ते पूर्ण करायचे नाहीत. राजाच्या महालाचं शेवटचं दार आलं की सर म्हणायचे, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी नवीच गोष्ट. आक्का वैतागायच्या. "आरं त्या राजाचं काय झालं? दार उघाडलं का न्हाई?"

"उघडलं की संपलं आक्का."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डबा बंद असेपर्यंत त्यात काहीही असू शकतं, उघडला की जे आहे तेच आहे. दिवसभरात सर शांत बसलेले मी एकाच वेळी पाहायचे, न उघडलेला डबा मांडीवर असताना. दोन्ही हात डब्यावर ठेवून बसायचे. चुळबूळ नाही, पाय हलवणं नाही. आणि डबा उघडून आतला मोठा बाहेर आला, त्याला सगळ्यांनी उलटसुलट पाहिलं, की दोन मिनिटांत सर अंगणात. मेडिकलवाल्यांना सगळे राक्षस जमवून एक संच पूर्ण करायचा होता. त्यांना हवा असलेला एक दुर्मिळ मिनी सरांच्या वाट्याला आला, तर सरांनी तो काढून देऊन टाकला. "तुम्हाला पाहिजे असेल ना सर संचासाठी?" मी विचारलं. ते म्हणाले, "संच पुरा करून काय करू? रोज धूळ पुसत बसू?"

तरी घरात राक्षस खूप साठले होते. ते सगळे अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे असत, एकेका खळग्यात एकेक. ट्रे जुन्या लोखंडी मांडणीवर. त्यांच्या मऊ प्लॅस्टिकच्या तलवारी प्रवासात वाकायच्या, त्या सरळ करायला उकळत्या पाण्यात बुडवायच्या आणि मग गार पाण्यात. उकळतं पाणी घरात एकाच जागी असतं. आक्का चहाचं आधण ठेवून पत्ती आणायला वळल्या की सर तेवढ्यात दोन राक्षस बुडवून घ्यायचे. चर्चचे पाळक भेटीला यायचे त्या दिवशी आक्का स्वतः उठून सगळ्या शिंगवाल्यांची तोंडं भिंतीकडे करायच्या. "देवाच्या मानसापुढं ही शिंगं नको." पाळक म्हातारे आणि मिश्कील होते. एकदा चहा घेता घेता त्यांनी एक उलटा उभा केलेला सैतान हळूच आपल्याकडे वळवला, नीट पाहिला आणि म्हणाले, "रंगकाम चांगलंय."

वर्गातही हे राक्षस यायचे. एक मोठा पंखांचा प्राणी टेबलावर ठेवून सर विचारायचे, "हा जर खरा हत्तीएवढा असता, तर ह्या पंखांवर उडाला असता का?" मग तास संपेपर्यंत पोरं पंखांची लांबी, वजन, चिमणी, घार, विमान यांत गुंतलेली. उत्तर 'नाही' असं यायचं. मागच्या बाकावरची एक मुलगी एकदा म्हणाली, "सर, उडाला नसता, पन पळाला आसता ना?" तिचं उत्तर सरांना फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ते शिक्षकखोलीत सगळ्यांना ऐकवत होते.

मग सरांनी भिशी काढली. आपल्याकडे भिशी म्हणजे काय ते सांगायला नको, पण ही राक्षसांची भिशी होती. चौघांनी मिळून एक आख्खं खोकं मागवायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने आधी डबा उचलायचा. नियम एकच आणि तो सर फार गंभीरपणे सांगायचे. डबा उचलायचा तो वरचा. हलवायचा नाही, कानाशी धरायचा नाही, चाचपायचा नाही. "चाचपणं म्हणजे चोरी," सर म्हणायचे. "ज्याला आत काय आहे ते आधीच पाहिजे, त्याने दुकानातून उघडी खेळणी आणावीत."

मेडिकलवाल्यांनी हा नियम एकदा मोडला. खोकं त्यांच्याच दुकानात उतरायचं, आणि दुकानात तान्ह्या बाळांना तोलायचा काटा होता. त्यांनी एकेक डबा काट्यावर ठेवला आणि सगळ्यांत जड होता तो वर येईल असा लावला. रविवारी पहिली चिठ्ठी नेमकी त्यांचीच आली, डब्यातून भला मोठा अजगर निघाला, आणि आनंदाच्या भरात ते स्वतःच बोलून गेले, "मला वाटलंच हुतं, काट्यावर लई जड लागत हुता!" सरांनी फासा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. उठले, चपला घातल्या आणि गाडी काढून निघून गेले. आम्ही तिघं आणि अजगर बसून राहिलो. त्यानंतर दोन महिने भिशी बंद. मेडिकलवाले रोज घरी यायचे, आक्कांच्या बीपीच्या गोळ्या स्वतः आणून द्यायचे, सर त्यांच्याकडे बघायचे नाहीत. शेवटी मेडिकलवाल्यांनी चर्चच्या दारात गाठून माफी मागितली, तेव्हा मिटलं. सांगायचं म्हणजे ह्या एका बाबतीत सर लोखंडासारखे होते. पुढचं समजायला हे ध्यानात ठेवा.

आणखी एक वेड होतं. सर स्वतःचा डबा स्वतः उघडायचे नाहीत. त्यांचा हातगुणावर विश्वास होता, विज्ञान शिकवूनही. "डॉक्टरच्या हाताला गुण असतो, तर डबा उघडणाऱ्याच्या का नसावा?" सुरुवातीला एकदा मी उघडलेल्या डब्यातून लाल पंखांचा, आग ओकणारा असा काही जबरदस्त प्राणी निघाला, की तेव्हापासून सरांचे सगळे डबे माझ्या हातून. माझ्या स्वतःच्या डब्यातून मात्र एक खांद्यावर घुबड बसलेली, काठी टेकणारी म्हातारी जादूगारीण निघाली होती, आणि नियमाप्रमाणे निघालं ते आपलं. खेळात मी तीच. मला घोड्यावरची बाई हवी होती.

असे आमचे रविवार चालले होते. मग शाळेत निरोप आला.

आमच्या संस्थेच्या बऱ्याच शाळा आहेत. आमचा पट घटला होता, गणित-विज्ञानाचा एक शिक्षक जास्त ठरत होता, आणि संस्थेच्या पाथर्डीपलीकडच्या शाळेत एक कमी होता. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. ते निवृत्तीला आलेले गृहस्थ, कुणाचा वाईटपणा घ्यायला तयार नसायचे. म्हणाले, "एकाला जावं लागेल. रोजचं जाऊन-येऊन होणार नाही, खोली करून राहावं लागेल. दोघं एकाच दिवशी लागलात, मी कुणाचं नाव देऊ? तुम्ही आपसांत ठरवा. मी तेच कळवतो."

मला जायचं होतं.

इतकं जायचं होतं की मला माझीच लाज वाटली. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं असा तो कोरडा मुलूख, मुख्याध्यापक तो असा सांगत होते जणू शिक्षाच आहे, आणि मला दिसत होती एक खोली. एक गॅस, एक कॉट, दाराला कुलूप आणि त्याची किल्ली माझ्याकडे. सकाळी उठून ज्या रस्त्याने जाईन तो रस्ता मला माहीत नसेल. मला कुणी 'अमक्याची सून, तमक्याची लेक' म्हणून ओळखणार नाही.

मग तोंड उघडून 'मी जाते' का म्हटलं नाही? कारण 'जाते' म्हटलं असतं, तर घरी 'का' आलं असतं. ह्या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदेश आला असता तर सासूबाईंनी स्वतः चिवडा करून बांधून दिला असता, ह्यांनी गॅसची टाकी पोचवली असती. नोकरी आहे, जावंच लागतं, कोण काय करणार! मला जायचं होतं, पण कुणीतरी पाठवायला हवं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा उतरला असणार, आणि त्यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. जिन्यात म्हणाले, "बाई, तुम्ही घरदार असलेल्या. मी उगाच मोठेपणाने 'मी जातो' म्हटलं, तर तुम्ही ऐकणार नाही, आणि जन्मभर तुम्हाला ओझं. डब्यावर सोडू. तो काय कुणाचा सगा नाही."

मी तत्काळ 'हो' म्हटलं. एवढ्या तत्काळ, की ते जरा चमकले.

रविवारी त्यांच्या घरी टेबलावर एकच डबा होता. सरांनी अट सांगितली. आतला मोठा पंखवाला निघाला तर सर जाणार. बिनपंखाचा निघाला तर मी. आक्का दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या दृष्टीने हा सगळा मूर्खपणा होता आणि त्यांनी तसं सांगितलंही. "मानसाच्या जल्माची गोष्ट आन राक्षसाला इचारताय!" मेडिकलवाले एरवी किती बोलायचे, त्या दिवशी नुसते बोटं मोडत बसले होते.

"उघडा बाई. तुमच्याच हाताने."

मी डबा हातात घेतला. पंख नको, पंख नको, असं मनात म्हणत होते. देवासमोर मुलीच्या निकालासाठीही मी एवढी विनवणी केली नव्हती. झाकण फाडलं. आधी तीन लहान निघाले, दोन भालेवाले आणि एक कोल्हा. मग आतला पुठ्ठा ओढला, आणि गरुडाच्या तोंडाचा, सिंहाच्या अंगाचा प्राणी बाहेर आला. त्याचे सोनेरी पंख चांगले वीतभर पसरलेले होते.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला ते थांबवता येईना. सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. कधी कुणाला हात न लावणारा माणूस तो. म्हणाले, "असू दे, असू दे. आनंदाने माणूस रडतोच." आक्काही रडत होत्या, पण त्या भाऊ जाणार म्हणून. मेडिकलवाल्यांनी सगळ्यांना पाणी आणून दिलं.

सर निघाले त्या दिवशी मेडिकलवाल्यांनी एका ओळखीच्याचा टेम्पो ठरवला होता. एक गादी, दोन पेट्या आणि अंड्यांचे ट्रे दोरीने बांधलेले. मागाहून आक्काही जाणार होत्या. मी डबा भरून पुरणपोळ्या दिल्या. सर टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवून उभे होते, नेहमीसारखे अर्धे आत अर्धे बाहेर. चेहरा एकदम उजळलेला. मला बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू का बाई? आता सांगायला हरकत नाही. मी तो डबा चाचपला होता."

मला कळेना.

"आख्खं खोकं मागवलं होतं. एकेक डबा हलवून पाहिला. पंख पुठ्ठ्याला घासतात, बारीक आवाज येतो. तसला निवडून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा केलं, आणि तुमच्यासाठी केलं. मेडिकलवाल्यांना मात्र सांगू नका, मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही." आणि ते हसले, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखे.

माझं डोकं फिरलं. गल्लीत लोक होते, टेम्पोवाला होता, आक्का होत्या, पण मला कशाची पर्वा राहिली नाही. "सर, मला जायचं होतं!"

"काय?"

"मला जायचं होतं हो! मला तिथे जायचं होतं. तुम्ही विचारलंत का मला? एका शब्दाने तरी विचारलंत?"

सरांचा पाय पायरीवरून खाली आला. हातात काही नसताना ते असे निश्चल उभे राहिलेले मी तेव्हाच पाहिले. म्हणाले, "तोंड होतं की बाई तुम्हाला."

"तुम्हालाही होतं विचारायला."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. सर चढून बसले. पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. मी हात हलवला नाही, त्यांनीही हलवला नाही.

नंतर कित्येक आठवडे मी त्यांच्यावर जळफळत होते. फोन आला की उचलायचे नाही. भाजी चिरताना, गणितं सोडवताना, तो हमरस्ता ओलांडताना मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. माणूस इतका कसा गृहीत धरतो? घरदार आहे म्हणून बाई घरालाच चिकटलेली असणार, असं यांना कुणी सांगितलं? पण भांडता भांडता दर वेळी मी त्यांच्या त्या एका वाक्याशी येऊन अडायचे आणि पुढे सरकायचे नाही. तोंड होतं. खरंच होतं. सरांनी डबा चाचपला हे चूक, पण मी तर आपलं आख्खं आयुष्य त्या डब्यात टाकून बसले होते, म्हणजे कुणी विचारलं तर राक्षसाकडे बोट दाखवता येईल. याचा राग मला जास्त होता. तो सरांवर काढत होते, एवढंच.

संक्रांतीच्या सुमारास फोन आला आणि मी उचलला. तिळगुळाचं निमित्त होतं. सर तिकडचं सांगत राहिले. वर्गातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत, जी राहिलीत ती हुशार आहेत, एका पोरीने उडण्याचा हिशोब त्यांच्यापेक्षा आधी मांडला. मग सहज म्हणाले, "मी सोडतोय बाई नोकरी."

"सोडताय? आत्ता तर गेलात!"

"नाशिकला एक मित्र आहे. त्याचं काहीतरी चाललंय."

"काय चाललंय?"

"बघू तरी."

मी विचारलं, "माझ्यासाठी सोडताय का?"

ते मोठ्याने हसले. "तुमच्यासाठी एकदा काही केलं, त्याचं काय झालं ते पाहिलं ना? आता नाही करत. मला इथे करमेना झालं, एवढंच." खरं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. चार महिन्यांत नोकरी सोडणं त्यांना शोभणारंच होतं, आणि माझ्यासाठी सोडून वर 'करमेना' म्हणणंही त्यांना शोभणारंच होतं. पुढे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला. "जागा रिकामी होतेय. संस्था विनंती बदली देते. मी कुणाला तुमचं नाव सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. डबा पाठवत नाही, चिठ्ठी टाकत नाही. आता तुम्ही आणि तुमचं तोंड."

फोन ठेवून मी आत गेले. स्वयंपाकघरात सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. हे नुकतेच दुकानातून आले होते, पाटावर बसून पाणी पीत होते. मला माहीत होतं, आता जेवणं होऊ दिली तर मी बोलणार नाही.

"आई, मी पाथर्डीकडच्या शाळेत बदली मागणार आहे."

सासूबाईंचा हात थांबला. "बदली? का गं? हेडमास्तरानं काय तरास दिला व्हय?"

"नाही."

"मंग संस्थेनं धाडलं आसंल. बाया-मानसाला येवढ्या लांब! ह्याला सांग, भेटून येईल त्यो साहेबाला."

"संस्थेने नाही पाठवलं."

"मंग त्या राक्षसवाल्या सरानं भरवलं डोस्क्यात."

त्यांनी दार उघडूनच दिलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोष सरांवर गेला असता, सासूबाईंनी त्यांना चार शिव्या दिल्या असत्या, सरांनी त्या हसत ऐकून घेतल्या असत्या, आणि माझी बॅग भरली गेली असती. शब्द अगदी ओठांवर होता.

"नाही आई," मी म्हटलं. "मला कुणी पाठवत नाही. मला जायचंय."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मेथीची जुडी तशीच हातात. ह्यांनी पेला खाली ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. रागाने नाही, नीट निरखून.

"किती दिवसांपासून मनात आहे हे?" त्यांनी विचारलं.

"फार वर्षांपासून," मी म्हटलं. "बोलले आज."